महाराष्ट्रातील अळिंबी

अळिंबी (अन्य नावे : अळंबे, भूछत्र, भुईछत्री, कुत्र्याची छत्री, मशरूम) म्हणजे काही कवकांचे जमिनीवर, लाकडावर किंवा कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर उगवणारे आणि साध्या डोळ्यांनी दिसणारे फलकाय होय. महाराष्ट्रात अळिंबीची दोन वेगवेगळी रूपे आढळतात. कोकण, सह्याद्री आणि पूर्व विदर्भ येथे रानात उगवणारी अळिंबी हे पावसाळ्यातील पारंपरिक अन्न आहे. परभणीसारख्या वनक्षेत्र अत्यल्प असलेल्या जिल्ह्यांत मात्र पिकांच्या काडावर वाढवलेली अळिंबीच प्रामुख्याने आहारात येते. पहिल्या प्रकारात अचूक ओळख हा जीवनमरणाचा प्रश्न असतो, तर दुसऱ्या प्रकारात काडाची स्वच्छता, तापमान आणि आर्द्रता यांवर यश अवलंबून असते.

नावे

‘अळिंबी’ हा शब्द कृषी साहित्यात रूढ आहे. बोलीभाषेत ‘अळंबी’, ‘अळंबे’ अशी रूपे ऐकू येतात. गोव्यात ‘अळमी’ किंवा ‘ओळमी’ म्हणतात, तर पूर्व विदर्भात वारुळाच्या आसपास उगवणाऱ्या खाद्य अळिंबीला ‘सात्या’ असे नाव आहे. ‘कुत्र्याची छत्री’ हे नाव सामान्यतः खाण्यास अयोग्य किंवा अनोळखी भूछत्रासाठी वापरले जाते. खाद्य आणि अखाद्य यांतील भेद अशा रीतीने नावातच दर्शवला जात असला, तरी ‘कुत्र्याची छत्री’ या नावाखाली अनेक भिन्न प्रजाती मोडतात. त्यांपैकी काही निरुपद्रवी, तर काही अत्यंत विषारी असतात.

संस्कृतमध्ये छत्राक, कवक, शिलीन्ध्र आणि उच्छिलीन्ध्र हे शब्द आढळतात. आधुनिक मराठी विज्ञानलेखनात ‘कवक’ हा शब्द बुरशी, किण्व आणि भूछत्रे या संपूर्ण सृष्टीसाठी वापरतात.

स्वरूप आणि जीवनक्रम

आपल्याला दिसणारी छत्री हा कवकाचा अल्पकाळ टिकणारा भाग असतो. त्याचे मुख्य शरीर म्हणजे माती, लाकूड किंवा काड यांमध्ये पसरलेले अतिशय बारीक पांढऱ्या तंतूंचे जाळे, अर्थात कवकजाल. कवकात हरितद्रव्य नसल्यामुळे त्याला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. कवकजाल विकरे स्रवून सेल्युलोज व लिग्निन यांसारखे कठीण पदार्थ बाहेरच विघटित करते आणि त्यातून सुटणारी पोषकद्रव्ये शोषून घेते. वाळलेले लाकूड आणि पिकांचे अवशेष पुन्हा मातीत मिसळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने होते.

ओलावा आणि तापमान अनुकूल झाल्यावर कवकजालावर टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी तयार होतात व काही दिवसांतच त्यांचे छत्रीत रूपांतर होते. छत्रीची वाढ मुख्यतः आधीच तयार झालेल्या पेशींमध्ये पाणी भरून होत असल्यामुळे ती एका रात्रीत उगवल्यासारखी वाटते. छत्रीच्या खालच्या बाजूस असलेल्या पातळ पापुद्र्यांवर बीजाणू तयार होतात आणि वाऱ्याबरोबर दूर जातात.

कवकांना पूर्वी वनस्पतींमध्ये गणले जात असे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी मांडलेल्या पाच सृष्टींच्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र स्थान मिळाले. त्यांच्या पेशीभित्तिकेत कीटकांच्या कवचात आढळणारे कायटिन असते आणि ते प्राण्यांप्रमाणे ग्लायकोजेनच्या स्वरूपात ऊर्जा साठवतात. जनुकीय अभ्यासानुसार कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहेत.

प्राचीन वाङ्मयातील उल्लेख

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६व्या अध्यायात भूछत्रांचे त्यांच्या आधारद्रव्यानुसार पाच प्रकार दिले आहेत : पेंढ्यावर, उसावर, वाळलेल्या शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणारी. पेंढ्यावरील भूछत्रे मधुर व रूक्ष असल्याचे सांगितले असून जमिनीवर उगवणाऱ्या भूछत्रांची चव त्या त्या जमिनीनुसार बदलते, असे म्हटले आहे. भूछत्राचे गुण ते कशावर वाढले यावरून ठरवण्याची ही पद्धत लक्षणीय आहे, कारण आजही अळिंबीची लागवड शिकवताना आधारद्रव्याचाच विचार प्रथम केला जातो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७व्या अध्यायात ‘सर्पच्छत्रक’ हा प्रकार वगळून इतर भूछत्रे शीत, मधुर, पचण्यास जड आणि पडसे निर्माण करणारी असल्याचे सांगितले आहे. एक प्रकार स्पष्टपणे वेगळा काढल्यामुळे सर्व भूछत्रे सारखी नसतात, याची जाणीव त्या काळी होती असे दिसते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांसाठी लसूण व कांदा यांच्याबरोबर कवकही अभक्ष्य ठरवले आहे. एकाच परंपरेतील वैद्यकीय ग्रंथ भूछत्राचे गुणदोष नोंदवतात आणि धर्मशास्त्रीय ग्रंथ त्याचा निषेध करतात. यावरून ते खाल्ले जात होते, हे स्पष्ट होते.

कालिदासाच्या मेघदूतातील पूर्वमेघात मेघगर्जनेमुळे पृथ्वीवर शिलीन्ध्रे उगवतात आणि ती सुफल होते, अशी कल्पना आहे. या काव्यातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळील रामटेक असे परंपरेने मानले जाते. शिलीन्ध्र या शब्दाचा अर्थ भूछत्र असा घेतला जात असला, तरी टीकाकार मल्लिनाथाने तो कंदली या वनस्पतीशी जोडला आहे. मेघगर्जना आणि भूछत्रे यांचा संबंध इतरत्रही सांगितला जातो. ग्रीक लेखक प्लुटार्क याने गडगडाटामुळे जमिनीखालील कवके वाढतात या समजुतीची चर्चा केली आहे. जपानमधील इवाते विद्यापीठातील प्रयोगांत उच्च दाबाच्या विद्युत स्पंदांमुळे काही अळिंबींचे उत्पादन वाढल्याचे आढळले.

रानातील अळिंबी

महाराष्ट्र व गोव्यातील सर्वांत मान्यताप्राप्त रानटी अळिंबी टर्मिटोमायसेस या प्रजातीसमूहातील आहे. ती वारुळांवर किंवा त्यांच्या परिसरात पावसाळ्यात उगवते. वाळवी वाळलेले गवत व लाकूड वारुळात नेऊन त्यापासून पोळ्यासारखी रचना तयार करते व तिच्यावर हे कवक वाढवते. कवकाने मऊ केलेला भाग वाळवी खाते आणि कवकाला निवारा, ओलावा व स्वच्छता मिळते. हे सहजीवन काही कोटी वर्षांपासून चालत आले आहे. वाळवीशिवाय या अळिंबीची व्यापारी लागवड अद्याप साध्य झालेली नाही. त्यामुळे वारूळ फोडले की त्या ठिकाणची पुढील वर्षांची अळिंबीही संपते.

गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात, म्हणून तेथील अळिंबी ‘रोयण अळमी’ या नावाने ओळखली जाते. ती पानांत बांधून नगावर विकली जाते आणि तिचे तोंडाक किंवा शागोती करतात. श्रावणात मासे व मांस वर्ज्य करणाऱ्या कुटुंबांत तिला विशेष मागणी असते. अतिरेकी गोळाबेरीज हा तिच्या अस्तित्वापुढील प्रश्न असून गोवा विद्यापीठातील कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी तिच्या संवर्धनाची गरज सातत्याने मांडली आहे.

सह्याद्रीतील सर्व भूछत्रे खाण्याची नसतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यातील रात्री कुजणारे लाकूड व पाने मंद हिरवट प्रकाशाने उजळतात. हा प्रकाश मायसीना गटातील कवकांमुळे पडतो.

विषबाधा

विषारी भूछत्र ओळखण्याची कोणतीही सोपी घरगुती कसोटी विश्वसनीय नाही. शिजवताना चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तरच भूछत्र विषारी, किडीने खाल्लेले भूछत्र सुरक्षित, पांढरे भूछत्र निर्धोक, हळद किंवा मीठ घालून उकळल्यास विष जाते, या सर्व समजुती चुकीच्या आहेत. सर्वांत घातक विषांपैकी अॅमाटॉक्सिन हे विष उकळल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही.

अॅमाटॉक्सिन हे अॅमॅनिटा या गटातील काही प्रजातींत आढळते. खाल्ल्यानंतर साधारण ६ ते २४ तास कोणतेही लक्षण दिसत नाही. त्यानंतर तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढे एक-दोन दिवस रुग्णाला बरे वाटू लागते. याच काळात यकृताच्या पेशी नष्ट होत असतात आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ शकते. मधला आराम फसवा असल्यामुळे अनेकदा रुग्णालयात पोहोचण्यास उशीर होतो. लक्षणे उशिरा सुरू होणे हेच गंभीर विषबाधेचे महत्त्वाचे चिन्ह मानले जाते.

मैदाने, गवताळ जागा व गायराने येथे पावसानंतर उगवणारे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हे मोठे पांढरे भूछत्र उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळते. कोवळेपणी त्याचे पापुद्रे पांढरे असतात व पक्व झाल्यावर हिरवट होतात. कोवळ्या अवस्थेत ते खाद्य अळिंबीसारखे दिसते. खाल्ल्यानंतर काही तासांतच तीव्र उलट्या व जुलाब होतात. लहान मुलांमध्ये निर्जलीकरणाचा धोका अधिक असतो.

भूछत्र खाल्ल्यानंतर त्रास झाल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेणे आणि उरलेले भूछत्र, भाजी किंवा साल तपासणीसाठी सोबत ठेवणे आवश्यक असते. त्याच ताटातून जेवलेल्या इतरांचीही, त्यांना त्रास होत नसला तरी, तपासणी करावी लागते. रानटी अळिंबी गोळा करणाऱ्या समाजांचे ज्ञान विशिष्ट जागा, हंगाम व प्रजाती यांच्याशी निगडित असते. स्थलांतरानंतर नव्या प्रदेशात तीच ओळख लागू पडेल, असे नसते.

आहारमूल्य

ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. वाळलेल्या अळिंबीत प्रजातीनुसार साधारण २० ते ३५ टक्के प्रथिने आढळतात. ताज्या वजनावर मात्र हे प्रमाण सुमारे ३ टक्के भरते. म्हणून अळिंबीच्या प्रथिनांची डाळीशी तुलना करताना ताजे व वाळलेले वजन यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. अळिंबीत स्निग्धांश कमी असून पोटॅशियम, तंतुमय पदार्थ आणि ब गटातील काही जीवनसत्त्वे असतात. तिच्यातील अर्गोस्टेरॉल या द्रव्याचे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ड२ जीवनसत्त्वात रूपांतर होते.

परभणी जिल्ह्यातील लागवड

परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला असून येथील जमीन मुख्यतः काळी आहे. वनक्षेत्र अत्यल्प असून ते प्रामुख्याने जिंतूरच्या डोंगराळ भागात आढळते. सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी, हरभरा व गहू ही प्रमुख पिके आहेत. कडबा जनावरांसाठी राखून ठेवला जातो. मळणीनंतर उरणारे सोयाबीनचे भुसकट आणि गव्हाचे काड अळिंबीच्या लागवडीस उपयोगी पडते.

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात अळिंबी उत्पादन हा विषय वनस्पती रोगशास्त्राच्या कक्षेत येतो. अळिंबीवरील राष्ट्रीय पातळीवरील संशोधन हिमाचल प्रदेशातील सोलन येथील अळिंबी संशोधन संचालनालयात होते. ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली.

जिल्ह्याच्या हवामानात धिंगरी (प्लुरोटस) ही अळिंबी सर्वांत सोयीची ठरते. तिला साधारण २० ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. त्यामुळे पावसाळा व हिवाळा हा तिचा हंगाम होय. लागवडीचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात.

१. काडाचे ३ ते ५ सेंटीमीटर लांबीचे तुकडे करून ते स्वच्छ पाण्यात ८ ते १२ तास भिजवतात.

२. भिजलेले काड सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवून निर्जंतुक करतात आणि निथळू देतात. मुठीत दाबल्यास पाणी गळू नये, पण हाताला ओलावा जाणवावा, इतपत पाणी काडात असावे लागते.

३. प्लॅस्टिकच्या पिशवीत काड व स्पॉन, म्हणजे धान्यावर वाढवलेले अळिंबीचे बियाणे, थरांनी भरतात. स्पॉनचे प्रमाण ओल्या काडाच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. पिशवीला हवेसाठी छिद्रे पाडतात.

४. पिशव्या अंधाऱ्या जागी १५ ते २० दिवस ठेवल्यावर पांढरे कवकजाल संपूर्ण काड व्यापते.

५. त्यानंतर पिशवी काढून टाकतात, खेळती हवा व मंद प्रकाश देतात आणि दिवसातून अनेकदा पाण्याचा फवारा मारतात. काही दिवसांत पहिली काढणी होते. पुढे आठ-दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन काढण्या मिळतात.

एक किलो वाळलेल्या काडापासून साधारण अर्धा ते एक किलो ताजी धिंगरी मिळते. उरलेले काड कंपोस्ट किंवा गांडूळ खतासाठी वापरता येते.

मराठवाड्याचा उन्हाळा ही या व्यवसायाची मुख्य मर्यादा आहे. मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते व हवा अत्यंत कोरडी असते. अशा वेळी गोणपाटाचे ओले पडदे व छताखालील गवताचे आच्छादनही पुरेसे ठरत नाही. तुलनेने अधिक तापमान, म्हणजे ३० ते ३५ अंश, सहन करणारी दुधी अळिंबी (कॅलोसायबी इंडिका) हा एक पर्याय आहे. या प्रजातीचे वर्णन १९७४ मध्ये पश्चिम बंगालमधून करण्यात आले आणि पुढे तमिळनाडूतील कृषी विद्यापीठाने तिची लागवड लोकप्रिय केली. बटन अळिंबीला फळधारणेसाठी १४ ते १८ अंश तापमान लागत असल्यामुळे जिल्ह्यात ती वातानुकूलित खोलीशिवाय वाढवणे कठीण असते.

ताजी धिंगरी सामान्य तापमानात एक-दोन दिवसच टिकते. त्यामुळे उत्पादन सुरू करण्यापूर्वी ग्राहक निश्चित असणे किंवा वाळवणीची सोय असणे आवश्यक ठरते. दहा किलो ताज्या अळिंबीपासून सुमारे एक किलो वाळलेली अळिंबी मिळते. बंद खोलीत धिंगरीचे बीजाणू सतत श्वासावाटे गेल्यास खोकला व दम्यासारखा त्रास होऊ शकतो, म्हणून काम करताना नाक व तोंड झाकणे आवश्यक असते. काडावर वाढणारी हिरवी बुरशी, ट्रायकोडर्मा, हा लागवडीतील प्रमुख शत्रू आहे. हीच ट्रायकोडर्मा शेतात मर व मूळकूज रोखण्यासाठी बीजप्रक्रियेत मुद्दाम वापरली जाते. म्हणून बीजप्रक्रिया व स्पॉन भरणे ही कामे एकाच जागी करणे टाळावे लागते.

औषधी उपयोग

कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर वाढणाऱ्या कठीण, तपकिरी कवकाला ‘फणसोंबा’ म्हणतात. ते फेलिनस गटातील असून काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते. लहान मुलांचे तोंड येणे, लाळ गळणे व जुलाब यांवर ते पाण्यात सहाणेवर उगाळून वापरण्याची घरगुती पद्धत आहे.

आधुनिक वैद्यकात कवकांपासून मिळालेली अनेक औषधे महत्त्वाची आहेत. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी बुरशीपासून पेनिसिलिनचा शोध लावला. भारतात त्याच्या उत्पादनासाठी १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे लोव्हास्टॅटिन हीदेखील कवकजन्य औषधे आहेत. जपानमध्ये ट्रॅमेटिस व शिटाके या अळिंबींपासून काढलेले पदार्थ कर्करोगाच्या मुख्य उपचारांना पूरक म्हणून वापरले गेले. शुद्ध केलेला घटक आणि बाजारात विकली जाणारी अळिंबीची भुकटी यांत मोठा फरक असून अशी भुकटी कोणत्याही उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

शेतीतील एक महत्त्वाचा औषधगटही भूछत्रापासून आला आहे. पाइन वृक्षाच्या गळालेल्या फळांवर उगवणारे स्ट्रोबिल्युरस हे छोटे भूछत्र प्रतिस्पर्धी बुरशांना रोखण्यासाठी एक रसायन स्रवते. १९७७ मध्ये जर्मन संशोधकांनी ते वेगळे केले. त्याच्या रचनेवरून ॲझॉक्सीस्ट्रोबिन व पायराक्लोस्ट्रोबिन ही कृत्रिम बुरशीनाशके तयार झाली. सोयाबीनसह अनेक पिकांवर या गटातील बुरशीनाशके फवारली जातात.

संस्कृती आणि विचार

एखादी गोष्ट अचानक व बेसुमार वाढल्यास ती ‘कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली’ असे मराठीत म्हणतात. या वाक्प्रचारात छत्र्यांचे अल्पायुष्य व निरुपयोगीपण गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात छत्री नाहीशी झाली तरी तिचे कवकजाल जमिनीखाली अनेक वर्षे टिकून राहू शकते.

अळिंबी शाकाहारी की मांसाहारी, हा प्रश्न अनेक मराठी घरांत विचारला जातो. तिचा मांसल पोत आणि शेण व कुजलेल्या काडाशी असलेला संबंध ही त्यामागील कारणे होत. भारतात वेष्टनबंद अळिंबीवर शाकाहारदर्शक हिरवे चिन्ह असते. जैन आहारनियमांत मात्र ती वर्ज्य मानली जाते, कारण दमट जागी उगवणाऱ्या अशा वस्तूत असंख्य जीव असतात अशी श्रद्धा आहे. जिंतूरजवळील नेमगिरी हे जैन तीर्थक्षेत्र याच जिल्ह्यात आहे. अळिंबी वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जीवशास्त्रापेक्षा आहारविषयक श्रद्धेवरच ठरते.

प्राचीन धर्मेतिहासातील दोन वादांतही भूछत्रांचा उल्लेख येतो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तानुसार चुंद याने गौतम बुद्धांना दिलेल्या अखेरच्या भोजनात ‘सूकरमद्दव’ हा पदार्थ होता. त्याचा अर्थ डुकराचे मांस, बांबूचे कोंब किंवा भूछत्र असा वेगवेगळा लावला गेला आहे. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात या शब्दाची चर्चा केली असून त्यांनी मांस हा अर्थ ग्राह्य मानला आहे. अमेरिकी अभ्यासक गॉर्डन वॅसन यांनी १९६८ मध्ये ऋग्वेदातील सोम म्हणजे अॅमॅनिटा मस्कारिया हे लाल भूछत्र असल्याचा सिद्धान्त मांडला. अनेक संस्कृतज्ञांनी तो स्वीकारलेला नाही. सोमाशी संबंधित असलेल्या हओम विधीत पारशी समाज इफेड्रा या वनस्पतीच्या काड्या वापरतो, ही बाब त्याविरुद्ध मांडली जाते.

महाराष्ट्रातील कवकांच्या अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र पुणे येथील आगरकर संशोधन संस्था असून तेथे राष्ट्रीय कवक संवर्ध संग्रह जतन केला जातो.